काळा पट्टा आणि अंधेरीचा जिना

सात बंगल्याच्या मागच्या गल्लीत, आमच्याच सोसायटीत, सतरा वर्षांची एक मुलगी राहते. सहा वर्षं कराटे शिकली, काळा पट्टा मिळवला. घरातल्या शोकेसमध्ये आता तिचा नवा करंडक ठेवायला जागा नाही. मागच्या पावसाळ्यात मेट्रोतून उतरून लोकलकडे जाताना, अंधेरीच्या जिन्यावरच्या गर्दीत एका माणसाने तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. जेमतेम तीन सेकंद. मग गर्दीचा रेटा आला आणि तो माणूस त्यात विरघळून गेला. ती घरी येऊन रडली ते त्या माणसामुळे कमी आणि स्वतःवरच्या रागाने जास्त. मला म्हणाली, "काकू, मला एकसुद्धा ब्लॉक आठवला नाही. मी नुसती बघत राहिले."

आईचा प्रश्न सरळ होता. "कराटे फुकट गेलं म्हणायचं. आता हिला कुठल्या क्लासला घालू?"

वर्सोव्यात हा प्रश्न विचारला की यादी संपत नाही. रविवारी सकाळी किनाऱ्यावर पांढऱ्या गणवेशातली रांग ओरडत मुठी मारत असते. यारी रोडला किकबॉक्सिंग, लोखंडवाल्यात जुजुत्सू, क्लबहाऊसमध्ये तायक्वांदो, आणि महिला दिनाच्या आठवड्यात ऑफिसांतून क्राव्ह मागाची दोन तासांची कार्यशाळा. आरामनगरात ऑडिशनला आलेल्या दर दुसऱ्या मुलाच्या बायोडेटात 'मार्शल आर्ट येते' अशी एक ओळ असतेच. मी स्वतः तरुणपणी पाचेक वर्षं जुडो खेळले आहे, तेव्हा माझा कल कुठे झुकणार हे आधीच सांगून टाकते.

त्या तीन सेकंदांत काय झालं?

क्लास निवडण्याआधी हे समजून घेऊ. अचानक धोका आला की शरीर अ‍ॅड्रेनलिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं. हृदय धडधडतं, रक्त मांड्या-दंडांच्या मोठ्या स्नायूंकडे धावतं. पळायला, ढकलायला, ओरडायला हे फार सोयीचं. पण बोटांची नाजूक कामं बिघडतात. घाबरलेल्या माणसाच्या हातून किल्ली कुलपात जात नाही, ती याचमुळे. नजर आक्रसते, आजूबाजूचं दिसेनासं होतं. आणि पुष्कळदा सगळ्यात आधी शरीर थिजतं. झुडपात खसफस झाली की हरीण जसं दगडासारखं उभं राहतं, तसं. त्याला भित्रेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. ती फार जुनी, मेंदूत मुरलेली सवय आहे.

दुसरी अडचण पर्यायांची. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली दाखवलं की समोर जितके पर्याय जास्त, तितका निवडीला लागणारा वेळ वाढतो. उडप्याच्या हॉटेलात 'इडली की वडा?' असं विचारलं तर आपण लगेच सांगतो. आठ पानी मेन्यू हातात दिला की वेटर दोनदा फिरून जातो. आमच्या मुलीला मनगट सोडवण्याचे चौदा प्रकार शिकवले होते. जिन्यावर वेटर परत येत नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिने सहा वर्षं जो सराव केला तो वाकून नमस्कार, 'हाजिमे' हा हुकूम आणि दोन मीटरवर उभा असलेला, ओळखीचा प्रतिस्पर्धी यांच्या साथीने. तो हल्ला करणार हे ठाऊक, कोणत्या हाताने करणार हेही ठाऊक. जिन्यावर नमस्कार नव्हता, अंतर नव्हतं, आणि माणूस मागून आला होता.

काठावरचं पोहणं

वेसाव्यातल्या कोळ्यांच्या पोरांना कुणी वाळूवर पालथं झोपवून पोहायला शिकवत नाही. पाणी अंगावर आलं, नाकात गेलं, की हातपाय आपोआप शहाणे होतात. मारामारीचंही तसंच. समोरचा माणूस विरोध करतो का, हा एकच प्रश्न कुठल्याही कलेची उपयुक्तता ठरवायला पुरेसा आहे.

हे मर्म ओळखणारा माणूस म्हणजे जिगोरो कानो. १८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत आणि नऊ शिष्यांवर त्याने जुडोची शाळा काढली. त्याआधीच्या जुजुत्सूमध्ये डोळ्यांत बोटं घालणं, सांधे मोडणं असे भयंकर डाव होते. पण ते डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने करता येत नसत, कारण रोज एक जोडीदार कुठून आणायचा? मग ते हळूहळू, हलक्या हाताने, समोरच्याच्या संमतीने घोटले जात. कानोने सरावातून बरेचसे धोकादायक प्रकार काढून टाकले आणि उरलेले पूर्ण जोर लावून, समोरचा पूर्ण जोराने अडवत असताना करायला लावले. या मोकळ्या झुंजीला 'रांदोरी' म्हणतात. दिसायला कमी जीवघेणी असलेली कला त्यामुळे हातात जास्त बसली.

आपल्याकडे तालमीत हे आधीपासून होतंच. सलामी झाली की खडाखडी सुरू. हातात हात, मानेवर पंजा, समोरचा कुठे झुकतोय याचा अंदाज. पैलवान पट काढायला शिकतो तो पट काढू न देणाऱ्याच्या अंगावर. रोज शंभरदा फसतो, एकदा जमतो, आणि जमलेला तो कायमचा जमतो.

कराटेबद्दल मात्र न्यायाने बोललं पाहिजे. मासुतात्सु ओयामाच्या क्योकुशिन पंथात लाथाबुक्क्या खरोखर बसतात. तिथे तयार झालेल्याच्या वाटेला सहसा कुणी जाणार नाही. आपल्या गल्लीबोळांत जास्त चालतं ते गुणांचं कराटे. स्पर्श झाला की पंच थांबवतो, जोर लागला तर दंड. टोकियो ऑलिम्पिकमधली, म्हणजे ऑगस्ट २०२१ मधली एक अंतिम लढत आठवा. पुरुषांच्या ७५ किलोवरील गटात सौदी अरेबियाच्या तारेग हमेदीची लाथ इराणच्या साजाद गंजजादेहच्या डोक्याला बसली आणि तो बेशुद्ध पडला. सुवर्णपदक मिळालं बेशुद्ध पडलेल्याला, कारण हमेदी जास्त जोराने मारल्याबद्दल बाद झाला! खेळाच्या नियमांप्रमाणे यात काहीच चूक नाही. पण असे नियम सहा वर्षं अंगात मुरवल्यावर हात नेमका लागायच्या आधी थांबतो, यात नवल काय?

लोकलमध्ये उभं राहता येतं ना?

मग जुडो किंवा कुस्तीत नेमकं काय शिकवतात? तोल.

विरार लोकलमध्ये डब्याच्या मधोमध, हाताला कडी नसताना उभं राहून बघा. इंजिनाच्या दिशेने तोंड करून, पाय शेजारी-शेजारी ठेवलेत तर ब्रेक लागताच तुम्ही पुढच्याच्या पाठीवर. तेच दाराकडे तोंड केलं आणि पाय फाकवले, एक पाय चर्चगेटकडे आणि एक विरारकडे, तर तोच धक्का सहज पचतो. कारण माणसाचा तोल दोन पावलांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेत पक्का असतो आणि त्या रेषेच्या आडव्या दिशेत कच्चा. माणूस म्हणजे तिसरा पाय नसलेली तिपाई. तो तिसरा पाय जिथे असायला हवा होता तिकडे ओढलं की धिप्पाड माणूसही एक पाऊल टाकतो, आणि ते पाऊल टेकायच्या आतच त्याला पाडायचं असतं. जुडोत या तोल मोडण्याला 'कुझुशी' म्हणतात. तालमीतल्या वस्तादाला हा शब्द माहीत नसेल, पण ढाक मारताना तो करतो हेच.

जोराला जोर लावायचा नाही, ही दुसरी खुबी. बाहेरून कुणी दार ढकलतंय आणि आपण आतून एकदम उघडलं तर तो घरात येऊन पडतो. तो ढकलेल तेव्हा मागे सरायचं आणि तो पुढे झुकला की आणखी थोडं ओढायचं.

मनगट सोडवण्याचंही असंच. पकडलेला हात आपण मागे ओढतो, म्हणजे रस्सीखेच खेळतो, आणि ताकदवान माणूस ती जिंकतो. पण पकड म्हणजे सांडशी आहे. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला एकटा अंगठा, आणि दोघांच्या टोकांत फट. मनगट वळवून त्याची अरुंद कड त्या फटीसमोर आणायची, कोपर समोरच्याकडे पुढे न्यायचं आणि हात अंगठ्याच्या बाजूने झटक्यात काढून घ्यायचा. आता आपली लढाई एका अंगठ्याशी आहे आणि आपल्या बाजूने सगळं अंग लागलं आहे. मुलीला मी हा एकच प्रकार शिकवला. अट एवढीच की तिच्या भावाने खरोखर घट्ट धरायचं, आणि केव्हा धरणार ते सांगायचं नाही.

लाल माती आणि पेव्हर ब्लॉक

१२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये वेगवेगळ्या कलांचे आठ खेळाडू जवळजवळ बिननियम एकमेकांशी लढले. सगळ्यांत किरकोळ दिसणाऱ्यांपैकी एक, रॉइस ग्रेसी, त्या रात्री तिघांना हरवून जिंकला. तिन्ही लढती त्याने जमिनीवर जिंकल्या. एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता! ग्रेसीची ब्राझिलियन जुजुत्सू ही जुडोचीच तिकडे गेलेली फांदी. त्या रात्रीनंतर जगभर पटलं की दोन माणसांची झटापट बघता बघता अंगझटीला येते आणि अंगझटीत पकड जाणणारा वरचढ ठरतो.

मराठी माणसाला यात नवं काय? १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडलं तेही अंगझटीतच. आलिंगनाच्या निमित्ताने खानाने महाराजांची मान काखेत धरली, असं सभासदाची बखर सांगते. पण महाराज वाचले ते त्या क्षणी सुचलेल्या डावामुळे असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. अंगरख्याखाली चिलखत होतं. भेटीची जागा त्यांनी निवडली होती, बरोबर किती माणसं असावीत ते आधी ठरलं होतं, रानात सैन्य दबा धरून होतं. आणि सय्यद बंडाचा वार अडवायला जिवा महाला शेजारी होता. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण स्वसंरक्षणाच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर छापावी.

आता कुस्तीच्या मर्यादा. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलोच्या गटात. वजनगट असतात ते वजनाने फरक पडतो म्हणूनच. 'तंत्रापुढे ताकद चालत नाही' असं सांगणाऱ्या प्रशिक्षकाला विचारावं की मग स्पर्धेत आधी काटा कशाला? पंचेचाळीस किलोच्या मुलीला चांगलं तंत्र सुटून पळायला दोन सेकंद मिळवून देतं. ऐंशी किलोच्या माणसाला लोळवण्याची हमी कुणी देत असेल तर फी परत मागावी.

शिवाय आखाड्यातली माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. जे. पी. रोडला पेव्हर ब्लॉक आहेत. आणि दोघे आले असतील तर एकाला जमिनीवर धरून ठेवणं म्हणजे दुसऱ्याला आपली पाठ देणं. तेव्हा पकड शिकायची ती मुख्यतः सुटण्यासाठी आणि उभं राहण्यासाठी.

जाता जाता सांगते, पाच वर्षांच्या जुडोतला मला आयुष्यात सर्वाधिक उपयोगी पडलेला भाग म्हणजे पडणं. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात जमिनीवर आपटून धक्का वाटून टाकायचा. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर मी दोनदा पडले आणि दोन्ही वेळा उठून भाजी घेऊन घरी गेले.

मूठ का मोडते

बॉक्सिंग आणि थाई बॉक्सिंगबद्दल थोडक्यात. दोन्ही उत्तम, कारण दोन्हींत मार खावा लागतो, आणि मार खाऊनही डोकं जागेवर ठेवण्याची सवय पुस्तकातून येत नाही. पण ग्लोव्ह नसताना मूठ कवटीवर आपटली की बऱ्याचदा करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर फ्रॅक्चर' म्हणतात. कवटी म्हणजे जाड, गोल नारळ, आणि मूठ म्हणजे बारीक काड्यांची जुडी. त्यासाठी तळहाताची टाच वापरायची. ती मनगटाच्या सरळ रेषेत येते आणि मऊ गादी असल्याने सहसा मोडत नाही.

क्राव्ह मागाचा जनक इमी लिख्तेनफेल्ड मुळात बॉक्सर आणि कुस्तीगीर होता. १९३० च्या दशकात ब्रातिस्लाव्हाच्या रस्त्यांवर ज्यूंवर हल्ले करणाऱ्या टोळक्यांशी झुंजताना रिंगणातले नियम तिथे चालत नाहीत हे त्याला कळलं. म्हणजे आधी वर्षानुवर्षांची झुंज आणि नंतर रस्त्यासाठी केलेली काटछाट. दोन तासांच्या कार्यशाळेत फक्त काटछाट मिळते.

सुरीपुढे

इथून रिक्षाने फार लांब नसलेल्या आंबोलीत, २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री कीनन सांतोस आणि रूबेन फर्नांडिस या दोन तरुणांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला अडवलं. तो गेला आणि थोड्या वेळाने टोळकं आणि शस्त्र घेऊन परतला. कीनन त्याच रात्री गेला, रूबेन काही दिवसांनी रुग्णालयात. मे २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. भर रस्त्यात, माणसांसमोर हे घडलं आणि मदतीला कुणी धावलं नाही, ही खंत तेव्हा सगळ्या मुंबईने बोलून दाखवली होती. त्या दोघांनी केलं ते योग्यच होतं. त्यांना कराटे किंवा कुस्ती येत असती तर निकाल बदलला असता, असं मला कुणी छातीठोक सांगू नये.

कारण सुरीला जोर लागत नाही. बाजारात कोळीण बोलता बोलता सुरमईच्या तुकड्या पाडते, तेव्हा कोयत्यावर तिचा हात नुसता ठेवलेला असतो. घरी एक प्रयोग करून बघा. जुना पांढरा टी-शर्ट घाला, भावाच्या हातात लाल स्केचपेन द्या आणि दहा सेकंद त्याला अंगाला शाई लावू न देण्याचा प्रयत्न करा. आमच्या मुलीच्या टी-शर्टवर नऊ रेघा होत्या, तीन मानेजवळ. तिची आई नंतर बराच वेळ गप्प होती.

१९८३ साली डेनिस ट्युलर या अमेरिकन पोलीस प्रशिक्षकाने मोजून दाखवलं की सुरीवाला माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. २१ फूट म्हणजे आपल्या दोन खोल्यांची लांबी. म्हणून सुरी दिसली, किंवा चिडून गेलेला माणूस परत येण्याची शक्यता दिसली, की जागा सोडायची. मोबाइल, चेन, पर्स एका बाजूला फेकायची आणि उलट्या बाजूला पळायचं.

चौकट: कायदा कुठवर साथ देतो
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत (जुन्या दंडसंहितेत ९६ ते १०६). हा हक्क स्वतःच्या तसाच दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही आहे. बचावाला गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घ्यायला पुरेसा वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अ‍ॅसिडहल्ला अशा प्रसंगांची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही हा हक्क पोचतो. हल्ला थांबल्यावर, पळणाऱ्याच्या मागे लागून मारलेली लाथ मात्र बचावात मोडत नाही. मदतीसाठी ११२, मुंबईत महिलांसाठी १०३.

ओळखीचा माणूस

क्लासमधला हल्लेखोर नेहमी अनोळखी असतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत ९० टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, साहेब. मामांच्या मित्राच्या नाकावर तळहाताची टाच मारायला कुठल्या पट्ट्यावर शिकवतात?

कॅनडात शार्लिन सेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नेमकं इथेच बोट ठेवलं. तीन विद्यापीठांतल्या प्रथम वर्षाच्या ८९३ मुली त्यांच्या अभ्यासात होत्या. निम्म्यांना माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण. त्यात हाणामारी थोडी होती. ओळखीच्या माणसाचं वागणं कधी वळण घेतंय ते ओळखणं, 'उगाच वाईट वाटेल त्याला' हा संकोच मोडणं आणि मोठ्याने नाही म्हणणं याला बराच वेळ दिला होता. वर्षभरानंतर बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण पत्रकांच्या गटात ९.८ टक्के होतं आणि प्रशिक्षणाच्या गटात ५.२ टक्के. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा तासांत कुणाला काळा पट्टा मिळत नाही.

मोठ्याने ओरडण्याचाही सराव लागतो. ओरडताना कोंडलेला श्वास सुटतो, पोटाचे स्नायू आवळले जातात आणि थिजलेलं शरीर हलतं. वर चार माना वळतात, हा फायदा वेगळा. आमच्या फ्लॅटमधल्या मुलींना लहानपणापासून हळू बोलायला शिकवलं आहे. वेसाव्याच्या मासळीबाजारात भाव पाडून मागणाऱ्याला कोळीण जो आवाज देते, तो ऐकायला मी आमच्या मुलीला मुद्दाम घेऊन गेले. येताना बोंबीलही आणले.

तीन क्लास

मग आम्ही तिघी क्लास बघायला निघालो. पहिल्या ठिकाणी सगळं चकाचक होतं. तासभरात कुणाचे केसही विस्कटले नाहीत. दुसऱ्या ठिकाणी सरांनी आमच्यासमोर एका शिष्याच्या हातातली लाकडी सुरी चार वेळा काढून घेतली. चारही वेळा शिष्याने हात एकदाच पुढे केला आणि तिथेच धरून ठेवला. मुलीने माझ्याकडे बघितलं. आम्ही चहाही न घेता उठलो.

तिसरा क्लास एका जुन्या, पंख्याचा आवाज येणाऱ्या हॉलमध्ये. मॅटवर एक बारीक मुलगी एका जाडजूड मुलाखालून निसटायचा प्रयत्न करत होती. जमत नव्हतं. सर मुलाला सांगत होते, "सोडू नकोस. ती सुटेल तेव्हा सुटेल." पाचव्यांदा ती सुटली, उठली आणि भिंतीपर्यंत पळाली. तिथे हात लावूनच डाव संपतो, असं सर म्हणाले.

आमची मुलगी वाकून चपला काढत होती. मधेच थांबली. "सर, इथे जीन्स आणि बूट घालून, पाठीला सॅक लावून सराव करतात का?"

"शनिवारी," सर म्हणाले. "दिवे बंद करून."